दिवस गेलेत, पण ठरवून नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. खालचे प्रश्न बायकांनी मला ओपीडीत विचारलेत, रात्री उशिरा मेसेजवर पाठवलेत आणि कितीतरी वेळा ‘मैत्रिणीसाठी विचारतेय’ म्हणून विचारलेत. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवलेत. मूल ठेवायचं की नाही हे मी सांगणार नाही. तो निर्णय तुमचा. मी बोलणार आहे ते तब्येतीबद्दल: काय तपासायचं, कशाला घाबरायचं आणि कशाला उगाच घाबरलं जातं. घाईत असाल तर आधी प्रश्न १, २ आणि ११ वाचा. या क्षणी खूप रक्त जात असेल किंवा चक्कर येत असेल तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा.

१. पाळी चुकून आठ दिवस झाले. घरी टेस्ट केली, दोन रेघा आल्या. आता पहिलं काय करू?

कालनिर्णय उघडा आणि शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसावर खूण करा. गर्भाचे आठवडे त्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. तुमची पाळी महिन्याच्या महिन्याला येत असेल आणि ती चुकून आठ दिवस झाले असतील, तर तुम्ही पाच आठवडे पूर्ण केलेत. ‘आम्ही तर तीनच आठवड्यांपूर्वी भेटलो होतो’ असं मुली सांगतात. त्या खोटं बोलत नसतात, पण मोजणीतला हा दोन आठवड्यांचा फरक पुढे महागात पडतो.

दुसरी रेघ फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच धरा. शंका असेल तर दोन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा करा. मग डॉक्टरांची वेळ घ्या. काय करायचं हे ठरलेलं नसलं तरी घ्या. तपासणीला गेलात म्हणजे निर्णय झाला असं होत नाही.

२. सोनोग्राफी केलीच पाहिजे का? तिथे नाव-पत्ता लिहून घेतात, भीती वाटते.

माझं उत्तर ‘हो’ आहे. सोनोग्राफीत आधी हे दिसतं की गर्भ पिशवीत आहे की बाहेर. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत गर्भ नळीत रुजतो. अशा वेळी लघवीची टेस्ट तशीच पॉझिटिव्ह येते, मळमळही तशीच होते. पण गर्भपाताच्या गोळ्यांचा त्यावर उपयोग होत नाही. बाई गोळ्या घेते, थोडं रक्त जातं, तिला वाटतं सुटले. इकडे नळी ताणत जाते आणि एके दिवशी फुटते. पोटात रक्त साठून जीव जाऊ शकतो. एका बाजूला कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं आहेत.

दुसरं म्हणजे नेमके आठवडे कळतात. ज्यांची पाळी दोन-दोन महिने येत नाही, त्यांच्या बाबतीत कॅलेंडर फसवतं. साधारण पाचव्या आठवड्यात पिशवीत गर्भकोश दिसू लागतो, ठोके सहाव्याच्या आसपास. फार लवकर गेलात तर ‘आठवड्याने पुन्हा या’ म्हणतील. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

नाव-पत्त्याचा फॉर्म आहे तो लिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४च्या कायद्याखाली भरून घेतात. घरी कळवण्यासाठी नाही. गर्भाचं लिंग विचारू नका, कुणी सांगायची तयारी दाखवली तर तिथून निघा.

३. निर्णय माझा हे कळलं. पण तब्येतीच्या बाजूने नेमकं काय काय बघायचं?

आधी जुनी दुखणी. लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप बिघडलेल्या बायका आपल्याकडे अजूनही दिसतात, आणि कितीतरी जणींना ते गरोदरपणातच कळतं. बीपी, मधुमेह, थायरॉइड, फिट्स, किडनीचा त्रास यातलं काही असेल तर नुसतं ‘आहे’ म्हणू नका, फाइल आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन या. काही आजार गरोदरपणात बळावतात. काही आजार नीट सांभाळता येतात, फक्त औषध बदलावं लागतं. हे दोन गट वेगळे आहेत आणि तुमचा आजार कुठल्या गटात मोडतो, हा डॉक्टरांना विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

मग मागची बाळंतपणं. बीपी वाढून झटके आले होते का, रक्त चढवावं लागलं होतं का, सिझर कधी झालं. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी निदान २४ महिने जावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. धाकटं अजून रांगत असेल, तर ते अंतर न मिळणं हीसुद्धा तब्येतीचीच बाब आहे.

हिमोग्लोबिनचं वेगळं लिहिलंय, प्रश्न १२ पाहा.

आणि घर. मारहाण होते का? मूल ठेव किंवा पाड, म्हणून कुणी बळजबरी करतंय का? दोन्ही प्रकारची बळजबरी मी पाहिलीय. म्हणून सोबत आलेल्या माणसाला, मग तो नवरा असो की सासूबाई, मी पाच मिनिटं बाहेर बसायला सांगते. तुमच्या डॉक्टरांनी आपणहून असं केलं नाही तर ‘मला तुमच्याशी एकटीला बोलायचंय’ म्हणा. त्यात गैर काही नाही. महिलांची हेल्पलाइन १८१ आहे.

तब्येत ठणठणीत असलेल्या बाईसाठी पहिल्या तीन महिन्यांत योग्य ठिकाणी केलेला गर्भपात बाळंतपणापेक्षा कमी धोक्याचा असतो. हे वैद्यकीय सत्य आहे म्हणून सांगते. ते कुणाला कुठल्याही बाजूला ढकलण्यासाठी वापरू नये.

४. विचार करायला किती दिवस आहेत?

गोळ्यांनी गर्भपात आपल्याकडे ९ आठवड्यांपर्यंत करतात. त्यानंतर साधारण १२ आठवड्यांपर्यंत सक्शनने, म्हणजे व्हॅक्युमने, सोपं असतं. त्याच्यापुढे दवाखान्यात राहावं लागतं, वेळ जास्त लागतो, त्रास आणि गुंतागुंतीची शक्यता दर आठवड्याला वाढत जाते. कायद्याची मर्यादा २० आठवडे, काही जणींसाठी २४ (प्रश्न ५ आणि १९).

आपल्या कायद्यात ‘इतके दिवस थांबाच’ अशी सक्ती नाही. सहाव्या आठवड्यात असाल तर चार-पाच दिवस शांतपणे विचार करायला घ्या. बाराव्यात असाल तर उद्याच या.

५. आमचं लग्न झालेलं नाही. डॉक्टर करतील का? नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागते का?

तुम्ही १८ पूर्ण असाल तर फक्त तुमची सही. नवऱ्याची नाही, वडिलांची नाही. काही दवाखाने मागतात, पण कायदा मागत नाही.

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१चा. तो १ एप्रिल १९७२ पासून लागू आहे. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचं कारण त्यात आधी ‘विवाहित स्त्री आणि तिचा नवरा’ यांच्यापुरतं होतं. २०२१च्या दुरुस्तीने तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये दोघांचं. २४ आठवड्यांची सवलत ठरावीक गटांना आहे: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणातच वैधव्य किंवा घटस्फोट आलेल्या, अपंग, गर्भात गंभीर दोष आढळलेल्या आणि आणखी काही. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अविवाहित स्त्रीला यातून वगळता येणार नाही, आणि गर्भपाताच्या कायद्यापुरती नवऱ्याने संबंधासाठी केलेली जबरदस्तीही बलात्कारातच धरायची.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. हा कायदा ‘मागितला की दिला’ असा नाही. तुमच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोचेल, असं डॉक्टरांचं मत व्हावं लागतं. म्हणून काय घडलं ते खरं सांगा. कंडोम फाटला, गोळी चुकली, जबरदस्ती झाली, जे असेल ते.

तुमचं नाव फोडणं हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

६. गोळ्या बऱ्या की क्युरेटिंग?

दोन्ही चांगले पर्याय आहेत. तुमच्या शरीराला आणि तुमच्या खोलीला कोणता झेपेल ते बघा. खोलीला असं मुद्दाम म्हणते.

गोळ्यांमध्ये पहिली मिफेप्रिस्टोन. गर्भ ज्या हार्मोनच्या आधाराने टिकतो तो आधार ती काढून घेते. २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल, त्याने पिशवी आकुंचन पावते आणि गर्भ बाहेर पडतो. पहिले काही तास पोटात जोरात कळा येतात, गाठी पडतात, थंडी वाजते, जुलाबही होतात. शंभरातल्या ९५ हून अधिक जणींचं काम यातच होतं, बाकीच्यांना नंतर सक्शन लागतं. भूल नाही, उपकरण नाही, घरी राहता येतं. पण सदाशिव पेठेत एका खोलीत चार मुली, बाथरूम मजल्याला एक आणि कुणालाच काही सांगितलेलं नाही, अशी परिस्थिती असेल तर तो दिवस फार कठीण जातो. मुळशी-वेल्ह्याच्या आतल्या गावात राहत असाल आणि रात्री गाडी मिळत नसेल, तरी गोळ्या तिथे घेऊ नका. तासा-दोन तासांत दवाखान्यात पोचता येईल अशा जागी राहा.

सक्शनला पाच-दहा मिनिटं लागतात. जागा बधिर करून किंवा थोडी भूल देऊन करतात, त्याच दिवशी घरी सोडतात आणि काम झालं हे तिथेच कळतं. ‘क्युरेटिंग’ हा शब्द आपण सगळ्यालाच वापरतो, पण लोखंडी चमच्याने पिशवी खरवडायची जुनी पद्धत आता वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. विचारायला लाजू नका: ‘डॉक्टर, व्हॅक्युमने करणार ना?’

काही जणींना गोळ्या चालत नाहीत. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील, रक्त न गोठण्याचा विकार असेल, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील, अॅड्रिनल ग्रंथीचा आजार असेल किंवा तांबी (कॉपर-टी) अजून आत असेल (प्रश्न १४), तर आधी सांगा.

७. केमिस्टकडून किट आणून घरीच घेतलं तर काय बिघडतं?

असं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले तीन-चतुर्थांशाच्या आसपास दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. बहुतेक जणी सुखरूप राहतात, हेही खरं.

औषध वाईट नाही. अडचण आहे ती तपासणी न झाल्याची. नळीतला गर्भ कुणी पाहिलेला नसतो, आठवडे चुकीचे मोजलेले असतात, हिमोग्लोबिन सातवर असतं. काउंटरवरचा मुलगा घाईत काहीतरी सांगतो, गोळ्यांचा क्रम उलटा होतो. नियमाप्रमाणे ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत.

आधीच घेतली असतील तर रागावणं ऐकावं लागेल म्हणून घरी बसू नका. कुठलं औषध, किती आणि कधी घेतलं ते खरं सांगा. त्यावर उपचार ठरतात.

८. पपई, तीळ-गूळ, ओव्याचा काढा याने पडतं म्हणतात.

नाही पडत. पडलंच, तर ते आपोआप पडणारच होतं. यात सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे दोन-तीन आठवडे वाया जातात. आणि योनीमार्गात काडी, मुळी, औषधी वडी असलं काहीही कुणाकडूनही घालून घेऊ नका. त्याने पिशवीला भोक पडतं, पू होतो, बायका मरतात. असुरक्षित गर्भपात हे आजही मातामृत्यूंचं मोठं कारण आहे.

९. बहात्तर तासांची गोळी घेतली होती तरी राहिलं. ठेवलं तर बाळात दोष येईल का?

संबंधानंतर घ्यायच्या त्या गोळीमुळे येणार नाही. ती बीज बाहेर पडणं लांबवते. गर्भ रुजलेला असेल तर ती त्याला पाडतही नाही आणि इजाही करत नाही. केवळ या भीतीने निर्णय घेऊ नका.

१०. माहीत नसताना मी अँटिबायोटिक घेतलं, दातांचा एक्स-रे काढला, पार्टीत दोन पेग घेतले. आता पाडावंच लागेल ना?

हा प्रश्न हिंजवडीपासून हडपसरपर्यंत सगळीकडून येतो. आणि नुसत्या धास्तीने हवं असलेलं मूल गमावलेल्या बायका मी पाहिल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दातांच्या किंवा छातीच्या एक्स-रेत गर्भापर्यंत पोचणारे किरण अगदी नगण्य असतात. नेहमीची बरीचशी अँटिबायोटिक्स, पॅरासिटामॉल, अॅसिडिटीच्या गोळ्या यांनी सहसा काही होत नाही. दारू गरोदरपणात कुठल्याच प्रमाणात सुरक्षित मानत नाहीत, म्हणून आजपासून बंद करा. पण दिवस गेल्याचं कळण्याआधी एकदा घेतली, एवढ्यावरून गर्भपात सुचवला जात नाही.

खरी काळजी करावी अशी औषधं मोजकी आहेत. मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन, फिट्ससाठीची व्हॅल्प्रोएट, संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठीची मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारी वॉरफरिन. यातलं काही चालू असेल तर आजच्या आज डॉक्टरांना गाठा. फिट्सचं औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका. झटका आला तर तुम्हालाही धोका आणि गर्भालाही.

११. गोळ्यांनंतर किती रक्त जाणं ठीक? कधी दवाखाना गाठायचा?

पाळीपेक्षा जास्त जाणार, लिंबाएवढ्या गाठी पडणार. पहिला जोर काही तासांत ओसरतो, मग दहा-पंधरा दिवस कमी-कमी होत जातं. काहींना महिनाभर डाग लागतात.

तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतात आणि असं सलग दोन तास चाललंय: निघा. दुसऱ्या गोळ्या (मिसोप्रोस्टॉल) घेऊन २४ तास उलटल्यावरही १००.४ च्या वर ताप आहे: निघा. घाण वासाचा स्राव, औषधाने न थांबणारी कळ, घेरी: निघा. आणि उलट, मिसोप्रोस्टॉल घेऊन २४ तासांत काहीच रक्त गेलं नाही तरी डॉक्टरांना कळवा. गर्भ तसाच असू शकतो किंवा नळीत असू शकतो (प्रश्न २).

दोन आठवड्यांनी तपासणीला जा. पहिले तीन-चार आठवडे घरी लघवीची टेस्ट करू नका. सगळं नीट झालेलं असलं तरी तोवर ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग उगाच रडारड होते.

१२. माझं हिमोग्लोबिन आठ आहे. काही करता येईल का?

येईल, पण घरी एकटीने नाही. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. त्यामुळे हा अपवाद नाही, नेहमीचा प्रसंग आहे. रक्त कमी असेल तर जास्त रक्तस्राव शरीराला सोसत नाही, म्हणून डॉक्टर सक्शनकडे झुकतील किंवा दवाखान्यात ठेवून गोळ्या देतील. सातच्या खाली असेल तर आधी रक्ताची सोय. मूल ठेवायचं ठरवलं तर लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह आत्तापासूनच, कारण बाळंतपणातही रक्त जातंच. चहाबरोबर लोहाची गोळी घेऊ नका, अंगी लागत नाही.

१३. सिझर होऊन सहा महिने झालेत, बाळ अंगावर पितंय. पाळी आलीच नव्हती, तरी राहिलं!

पहिली पाळी येण्याआधी बीज बाहेर पडतं, म्हणून पाळी न येताही दिवस राहतात. अशा वेळी मोजायला तारीखच नसते, त्यामुळे सोनोग्राफीशिवाय इलाज नाही. शिवाय क्वचित गर्भ सिझरच्या जुन्या वणातच रुजतो. ते घातक असतं आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. तसं नसेल तर आपापल्या मुदतीत (प्रश्न ४) गोळ्या किंवा सक्शन दोन्ही करता येतं. औषधाचा अंश दुधात अगदी थोडा उतरतो. बाळाचं दूध तोडायची गरज नाही.

१४. तांबी बसवलेली असताना, किंवा नळ्या बांधण्याचं ऑपरेशन झालेलं असताना कसं काय राहतं?

क्वचित राहतं. कुठलाच उपाय शंभर टक्के नाही. यात नळीतला गर्भ असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त, म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आल्याच्या दिवशीच दाखवा. तांबी दोन्ही परिस्थितींत, म्हणजे मूल ठेवायचं असलं तरी, शक्य असेल तर लवकर काढतात. ऑपरेशन सरकारी केंद्रात झालं असेल तर ते निकामी ठरल्याबद्दल भरपाईची योजना आहे. ऑपरेशनचे कागद सांभाळून तिथेच चौकशी करा.

१५. माझा रक्तगट निगेटिव्ह आहे.

डॉक्टरांना आधीच सांगा. अँटी-डी इंजेक्शनचा प्रश्न येतो. १२ आठवड्यांच्या आत त्याची गरज नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं, पण आपल्याकडे बरेच डॉक्टर देतात. बारा आठवड्यांनंतर ते घ्यायलाच हवं. पुढच्या गरोदरपणातल्या बाळासाठी आहे ते.

१६. पहिलंच पाडलं तर पुढे मूल होत नाही, असं सासूबाई म्हणतात.

सासूबाईंच्या काळात त्यांनी जे पाहिलं ते कदाचित खरं असेल. अस्वच्छ ठिकाणी खरवडून केलेल्या गर्भपाताने नळ्या बंद झालेल्या बायका होत्या. नीट ठिकाणी, नीट पद्धतीने केलेल्या गर्भपाताने मूल होण्याची शक्ती जात नाही. स्तनाचा कर्करोग होतो हेही खरं नाही.

उलट काळजी दुसरी आहे: पुन्हा लगेच राहतं. आठ-दहा दिवसांतही बीज बाहेर पडू शकतं. सक्शननंतर तांबी तिथल्या तिथे बसवता येते. सरकारी केंद्रांत गर्भनिरोधक अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्या मोफत मिळतात. आधीचा उपाय कुठे चुकला ते डॉक्टरांशी बोला. त्यात तुमच्या चारित्र्याचा संबंध नसतो.

१७. पहिली गोळी घेतली आणि आता मन बदललं.

दुसऱ्या गोळ्या घेऊ नका, लगेच डॉक्टरांना भेटा. नुसत्या मिफेप्रिस्टोनने दोष येतात असं दिसलेलं नाही. गर्भ कधी टिकतो, कधी पडतो. तिचा परिणाम उलटवणारं खात्रीचं औषध नाही, कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. मिसोप्रोस्टॉल घेऊनही गर्भ वाढत राहिला तर मात्र दोषाची शक्यता असते. म्हणून मन दोलायमान असेल तर पहिली गोळी घेण्याआधी थांबा (प्रश्न ४).

१८. मुलगी सतरा वर्षांची आहे. पोलिसात जाईल का प्रकरण?

डॉक्टरांना कळवणं बंधनकारक आहे, कारण १८ च्या आतला संबंध पॉक्सो कायद्याखाली येतो. पण २०२२च्या त्याच निकालात (प्रश्न ५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर कळवताना तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. लेखी संमती पालकाची लागते, आणि मुलीचं म्हणणंही ऐकलंच पाहिजे. पोलिसांच्या भीतीने वेळ काढणाऱ्या आया माझ्याकडे पाचव्या महिन्यात येतात. या वयात रक्त कमी असणं, बीपी वाढणं, अडलेलं बाळंतपण, सगळ्याचाच धोका जास्त. आधी तिला दवाखान्यात आणा. चाइल्डलाइन १०९८.

१९. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दोष निघाला. उशीर झाला का?

ही सोनोग्राफी १८ ते २२ आठवड्यांत होते, म्हणून शक्यतो अठराव्या-एकोणिसाव्यात करून घ्या, म्हणजे विचाराला दिवस मिळतात. २४ च्या आत दोन डॉक्टरांच्या मताने होतं. २४ नंतर गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ तपासतं आणि नियमानुसार अर्जापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं. दोष नसताना २४ ओलांडले असतील तर उच्च न्यायालयाचं दार वाजवावं लागतं. बाईच्या जिवावर बेतलं असेल तर मात्र आठवड्यांची मर्यादाच नाही.

सगळे दोष सारखे नसतात. काहींवर बाळ जन्मल्यावर शस्त्रक्रिया होते आणि मूल छान जगतं. बालशल्यचिकित्सकांना एकदा भेटल्याशिवाय ठरवू नका.

२०. नंतर आयुष्यभर अपराधी वाटत राहील का?

काहींना सुटल्यासारखं वाटतं, काहींना रडू येतं, पुष्कळ जणींना दोन्ही एकाच दिवशी. २००८ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने उपलब्ध अभ्यास तपासले. पहिल्या तीन महिन्यांतल्या एका गर्भपाताने मानसिक आजाराचा धोका, नको असलेलं गरोदरपण पूर्ण करण्यापेक्षा वाढत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आधीपासून नैराश्य असेल, बळजबरी झाली असेल किंवा हवं असलेलं मूल गमवावं लागलं असेल, तर मन जास्त दुखतं. दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, जेवण नाही, जगणं नको वाटतंय, तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

२१. पुण्यात कुठे जायचं? ऑफिसात काय सांगू?

ससून, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीत वायसीएम. इथे स्त्रीरोगाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. खासगीत गेलात तर भिंतीवर गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, ते बघा. मान्यता ‘फॉर्म बी’ वर मिळते. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरांना गर्भपात करायची परवानगी नाही. १०४ वर आरोग्याची माहिती मिळते.

मातृत्व लाभाच्या कायद्यात वैद्यकीय गर्भपातानंतर सहा आठवडे भरपगारी रजा आहे. हे फार कमी जणींना ठाऊक असतं. पण त्यासाठी दाखला द्यावा लागतो. तो द्यायचा नसेल तर आजारपणाची रजा टाका. बहुतेक जणी दोन-तीन दिवसांत कामावर जातात.

२२. पाडवत नाही, पण वाढवूही शकत नाही.

हाही एक मार्ग आहे आणि पुण्यात त्याची आठवण जुनी आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी याच शहरात, दिवस गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं म्हणून घर उघडलं. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी स्वतःचा म्हणून वाढवला.

आज बाळ बाल कल्याण समितीपुढे कायदेशीर सोपवता येतं. समिती समुपदेशन करते आणि विचार बदलायला ६० दिवस देते. बाळ कुठेतरी ठेवून जाणं किंवा ओळखीत परस्पर देऊन टाकणं, दोन्ही करू नका. तोवर नऊ महिने तुमच्या तब्येतीचेही आहेत: फॉलिक अॅसिड आजपासून, तपासण्या वेळेवर, बाळंतपण दवाखान्यात.

२३. खरंच मैत्रिणीसाठी विचारतेय. मी काय करू?

तिच्याबरोबर दवाखान्यात जा आणि बाहेर बसा. सल्ला तिने मागितला तरच द्या. दुसऱ्या गोळ्यांच्या दिवशी सुट्टी घेऊन तिच्या खोलीवर राहा. जाड पॅडची दोन पाकिटं, डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी, गरम पाण्याची पिशवी, जुनी चादर. वरणभात चालतो, पथ्य काही नाही. किती वाजता किती पॅड बदलले ते फोनवर लिहीत जा, कारण कळा येत असताना तिला आठवणार नाही आणि दवाखान्यात पहिलं तेच विचारतात. तिचा रक्तगट, डॉक्टरांचा नंबर आणि सोनोग्राफीचा कागद तुमच्याकडे असू द्या. रात्री रिक्षा कुठून मिळेल ते आधी बघून ठेवा. आणि दोन आठवड्यांनी ‘तपासणीला गेलीस का’ म्हणून एकदा फोन करा.